धागाबाई आणि हिरवं ठिगळ

९ जानेवारी

चि. ठिपकीस,
मावशीचे पोटभर आशीर्वाद.

तुझं चित्रांचं पुस्तक काल हाती पडलं. आधी देवापुढे ठेवलं, मग चष्मा पुसून वाचायला बसले. माझ्या वाणसामानाच्या याद्यांवर ठिपके काढून ठेवायचीस म्हणून तुला ठिपकी नाव पडलं. आता त्याच हाताचं पुस्तक छापून येतं! तुझी आई असती तर गावभर मिरवून आली असती. ती नाही, म्हणून मी शेजारच्या दोन घरांत मिरवून आले.

आता खरं सांगू? रागावू नकोस.

सीमेच्या फाटकावर आया एकीकडे आणि पोरं दुसरीकडे अडकतात, हे तू अगदी आमच्या इथलं काढलंयस. मग तो तुझा पोलादवीर उडत येतो, एक गुद्दा घालतो, आणि भिंत पडते. गोष्ट संपली. पण बाई, पुढे काय? इकडून पोरं धावणार, तिकडून आया धावणार, सगळी धूळच धूळ. त्यात कुणाचं पोर कुणाच्या हाती लागणार? आमच्या बस स्थानकावर साध्या पिशव्यांची अदलाबदल होते. आणि त्याच्या पाठीला ती चादर कशाला बांधलीस? काटेरी तारेत अडकली की लटकून राहील बिचारा. एवढ्या कापडात तीन पोरींचे फ्रॉक होतील.

हसू नकोस, मी रोज पाहते म्हणून लिहिते. फाटकाजवळच्या जुन्या गोदामात आता सुटी पडलेली मुलं ठेवली आहेत. तपासणीला मोठी माणसं एका रांगेत आणि मुलं दुसऱ्या रांगेत लावली, कागदांची सरमिसळ झाली, आणि बसगाड्या मोठ्यांना घेऊन पलीकडे निघूनही गेल्या. आम्ही वस्तीतल्या बायका तिथे कपडे शिवायला जातो. मी खिडकीखाली एका पालथ्या खोक्यावर बसते, उजेड चांगला येतो. गोदामाची व्यवस्था बघणाऱ्या मोठ्या बाई सांगत होत्या, उन्हाळा लागेपर्यंत ज्यांची माणसं सापडणार नाहीत त्यांना लांबच्या संस्थेत पाठवतील. एकदा तिकडे गेलं की शोधणार कोण?

तिथे एक पाचेक वर्षांची मुलगी आहे. एक शब्द बोलत नाही. नाव नाही, गाव नाही. बाकीची पोरं तिला घुमी म्हणतात. तिच्या कोटाच्या कोपरावर हिरवं ठिगळ होतं, तांबड्या दोऱ्याने लावलेलं. टाके कसे म्हणशील तर वाकडेतिकडे, उलट्या अंगाला झुकलेले, कोपऱ्यात नुसता गुंता. मला बघवेना. सगळं उसवून टाकलं आणि आतून बारीक रफू करून दिलं. आता फाटलं होतं हेसुद्धा कळत नाही. मोठ्या बाई म्हणाल्या, हात आहे की यंत्र! देवाने एवढी एक कला दिली, तिचा उपयोग होतो, यात आलं सगळं.

जेवत जा. तुझे काका पुस्तक माझ्या नकळत वाचतात आणि उशीखाली ठेवतात.

तुझी,
मावशी


१८ जानेवारी

प्रिय मावशीस,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुझं पत्र चौथ्यांदा वाचतेय. पोलादवीर तारेत लटकलेला दिसायला लागला आणि मी एकटीच इतकी हसले की खालच्या धुलाईवाल्याने कपाळाला हात लावला. आमचे छापखान्याचे मालक खूश आहेत, पुस्तक बरं चाललंय, काळजी करू नकोस.

पण तुझा प्रश्न काही डोक्यातून जात नाही. भिंत पाडणं सोपं आहे, कुणाचं कोण हे कळणं अवघड. मला हे सुचायलाच हवं होतं. मी तर तुझ्याच घरात वाढले. शाळेत सगळ्यांची दप्तरं सारखी असायची, पण माझं मी लांबून ओळखायची, कारण पट्ट्याच्या मुळाशी तुझे टाके असायचे, एकाला एक चिकटून, मुंग्यांच्या रांगेसारखे. दप्तर हातात घेतलं की तू बरोबर आल्यासारखं वाटायचं. हे तुला कधी सांगितलं नाही. आज सांगते.

म्हणून विचारते, मावशी, आणि तूही रागावू नकोस. त्या मुलीच्या कोपरावरचं ठिगळ कुणी लावलं होतं गं?

तुझी,
ठिपकी


१० फेब्रुवारी

चि. ठिपकीस आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. लिहायला बसलं की तुझी शेवटची ओळ समोर यायची आणि पेन खाली ठेवावं लागायचं.

ज्या दिवशी तुझं पत्र आलं, त्या दिवशी गोदामात गेले तेव्हा मुद्दाम पाहिलं. पोरगी थंडीत कुडकुडत बसलेली, कोट मात्र खाटेच्या टोकाला. मोठ्या बाई म्हणाल्या, तुम्ही शिवून दिल्यापासून अंगात घालतच नाही, हट्टी आहे. हट्टी कसली! तिच्या आईचं एवढंच काय ते तिच्याजवळ होतं, आणि ते मी शहाणीने बारीक टाक्यांनी पुसून टाकलं. घरी येऊन देवापुढे बसले. नेहमी हात जोडले की काहीतरी मागायला सुचतं. त्या दिवशी काही सुचलं नाही.

मग उठले आणि चिंध्यांचं बोचकं उघडलं. तुला माहीत आहे मला काही टाकवत नाही. तू आणि तुझे काका मिळून माझी थट्टा करता. पण तो तांबडा दोरा जळक्या काडीला गुंडाळून ठेवलेला सापडला. ठिगळ काही सापडेना. सगळं बोचकं पालथं केलं. तुझे काका म्हणाले, "काय शोधतेस? चष्मा तरी नीट पूस." पुसायला फडकं हातात घेतलं, आणि तेच ते हिरवं ठिगळ! मऊ होतं म्हणून मीच चष्म्याच्या घरात ठेवलं होतं. त्यानेच चष्मा पुसून मी ते शोधत होते. तुझे काका हसले, मला मात्र हसू येईना.

दुसऱ्या दिवशी घुमीच्या शेजारी जाऊन बसले. म्हटलं, "बाळा, चुकलं माझं. तुझ्या आईचं होतं तसं करायचं आहे. मला येत नाही. तू दाखव." ती बघत राहिली. माझी रफू मी तिच्यासमोर उसवली. कापड जाड, त्यामुळे सुईची जुनी भोकं शाबूत होती. तिने एका भोकावर बोट ठेवलं. मी सुई घातली. तिने पुढच्या भोकावर बोट ठेवलं. असं करत निम्मं आलो, आणि तिने सगळे टाके ओढून काढले! पुन्हा घातले, पुन्हा ओढले. भोकं बरोबर, पण टाका झुकायचा सरळ अंगाला. मी म्हटलं, "अगं, माझा हात असाच चालतो." तेव्हा तिने काय करावं? माझ्या उजव्या हातातली सुई काढून घेतली आणि डाव्या हातात दिली.

ठिपकी, तिची आई डावखुरी आहे.

डाव्या हाताने शिवताना मी पहिल्यांदा सुई धरणाऱ्या पोरीसारखी बोटं टोचून घेतली. सगळ्या गोदामाला तमाशा. पण जसंच्या तसं जमलं. कोपऱ्यातला तो गुंता म्हणजे गुंता नव्हताच. एकावर एक आडवे दोन टाके होते, आणि मग गाठ. लावून झालं तशी तिने कोट घातला, कोपर गालाला लावलं, आणि जेवायला गेली. बोलली नाही. पण जेवली. देवाचे उपकार, आणि तुझेही. तू विचारलं नसतंस तर मी स्वतःवर खूश होऊन बसले असते.

ठिगळावर कागद ठेवून वरून पेन्सिल घासली आहे, तो कागद सोबत पाठवते. टाके सगळे उमटलेत. तुला गोष्टीत उपयोग होतो का बघ.

तुझी,
मावशी


२२ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

तुझं पत्र वाचून मी माझी सगळी पानं बाजूला ठेवली आणि कोऱ्या कागदावर पहिल्यापासून सुरुवात केली.

आधी माझी एक थाप कबूल करते. मालक खूश नव्हते. पोलादवीराचे गठ्ठे तसेच पडून आहेत. ते म्हणाले होते, आणखी एक अंक काढू, नाही चालला तर तू दुसरीकडे बघ. तुला कळवलं असतं तर तू उपास धरले असतेस, म्हणून लपवलं.

आता नवी गोष्ट ऐक. पोलादवीर भिंत पाडतो, धूळ खाली बसते, आणि तू म्हणालीस तसा सावळा गोंधळ होतो. पोलादवीर डोकं धरून बसतो. तेव्हा गर्दीतून एक बाई पुढे येते. तिच्या पाठीवर चादर आहे आणि केसांत सुई खोवलेली आहे. ती उडत नाही, चालत येते, धापा टाकते. पण तिने कुठलंही शिवलेलं कापड हातात घेतलं की त्याच्या टाक्यातून एक चमकता धागा निघतो आणि ज्या हाताने तो टाका घातला त्या हातापर्यंत जातो. तिला तो दिसतो, इतरांना नाही. तिचं नाव धागाबाई.

मालक म्हणाले, "धागाबाई? ही जग वाचवणार की उशांचे अभ्रे शिवणार?" मी म्हटलं, दोन्ही.

आणि चादर! पोरांचे कपडे फाटलेले असतात म्हणून धागाबाई दर पानाला स्वतःच्या चादरीचा तुकडा कापून ठिगळ लावते. चादर आखूड होत जाते. शेवटी गळ्याभोवती नुसती नाडी उरते.

शेवटचं पूर्ण पान म्हणजे ते हिरवं ठिगळ. तुझ्या कागदावरून रेघ न् रेघ घेतली. रंग भरणाऱ्या दादाने मला न विचारता टाके सरळ करून टाकले होते. म्हणाला, "ताई, चुकलं होतं, दुरुस्त केलं." मी त्याला तुझी सगळी हकीकत सांगितली. त्याने स्वतःच सगळं पुसून पुन्हा वाकडं केलं.

धागाबाईचं नाक नीट बघ आणि कुणाचं आहे ते ओळख.

तुझी,
ठिपकी


१५ मार्च

चि. ठिपकीस आशीर्वाद.

नव्या पुस्तकांचा गठ्ठा पोचला. गोदामात मी मोठ्याने वाचून दाखवलं. पोरं इतकी ओरडली की मोठ्या बाई धावत आल्या, आणि मग त्याही खाली बसून ऐकायला लागल्या. चादर कापली की पोरं ओरडायची, "आता गुडघ्यापर्यंत! आता कमरेपर्यंत!" पोलादवीर डोकं धरून बसतो ते पान तीनदा वाचावं लागलं.

नाक ओळखलं. तुझ्या आईचं आहे, दुसरं कुणाचं असणार? डोळ्यांत पाणी आलं बघ. पण बाकी धागाबाई जरा जाडच काढलीस. पाय फताडे, चष्मा नाडीने बांधलेला, पदोपदी कंबर धरते. बायकांनी असलं ध्यान कशाला विकत घ्यावं? तुझे काका ते पान बघून खोकल्याचं सोंग करत बाहेर गेले. काय झालं विचारलं तर सांगत नाहीत.

घुमीने शेवटचं पान उघडून जमिनीवर ठेवलं आणि त्याच्याशेजारी आपलं कोपर टेकवलं. बराच वेळ एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होती. मग माझ्याकडे बघून हसली.

तिचं हसू बघून मी दारावरचा कागद पुन्हा एकदा वाचून आले. यादी लागली आहे. एप्रिल संपताना उरलेल्या मुलांची बस निघणार, लांबच्या संस्थेकडे. यादीत तिच्या पुढे नावाची जागा कोरी आहे. पलीकडे रोज पावाची गाडी जाते. तुझ्या काकांनी त्या पाववाल्याला पुस्तकं दिली आणि म्हणाले, "जिथे पाव उतरवशील तिथे एक एक ठेवत जा." पाववाला म्हणाला, "काका, पाव खातील, पुस्तकाचं काय करतील?" काका म्हणाले, "पाव खाताना बघतील."

मी रोज दिवा लावताना एकच मागते. तूही माग.

तुझी,
मावशी


३ एप्रिल

मावशी!

काकांना फोन केला, पण ते "बरं बरं" म्हणत रडायलाच लागले आणि फोन ठेवून दिला. आणि तू नेहमी म्हणतेस की फोनवरचं बोलणं वाऱ्यावर जातं, पत्र जपून ठेवता येतं. म्हणून लिहितेच.

पलीकडच्या छावणीतल्या स्वयंपाकघरात भांडी घासणाऱ्या एका बाईने कुणाकडून तरी निरोप लिहवून छापखान्यात पाठवलाय. पावाबरोबर आलेल्या पुस्तकाची पानं चुलीत घालायला घेतली, आणि शेवटचं पान हातात आलं. म्हणते, ते ठिगळ माझं आहे. रांगेत उभ्या उभ्या लावलं होतं, पोरगी कोपर स्थिर ठेवत नव्हती म्हणून वाकडं झालं.

मालकांनी स्वतः फाटकावरच्या कचेरीत पत्र धाडलं आणि मोठ्या बाईंनाही कळवलं. मालकांनी, मावशी! अंक संपला, दुसऱ्यांदा छापताहेत, पण ते आता राहू दे.

ती तिकडून निघाली आहे. पुढचं तू लिही.

ठिपकी


१७ एप्रिल

चि. ठिपकीस अनेक, अनेक आशीर्वाद.

मुद्दाम नव्या कागदावर लिहितेय, पाठकोऱ्या नाही. आजचा दिवस तेवढा मोठा आहे.

ती काल आली. मोठ्या बाईंच्या खोलीत कचेरीतले साहेब, मोठ्या बाई, मी, आणि माझ्यामागे घुमी. बाई वाळलेली, केस आजारात कापून टाकलेले, कोट दुसऱ्या कुणाचा तरी. ती दारातच थांबली आणि पोरीकडे बघत राहिली. आणि ठिपकी, पोरगी हललीच नाही. उलट माझी पिशवी घट्ट धरून आणखी मागे सरकली. ओळख पटेना तिला. त्या बाईचा चेहरा माझ्याने बघवेना.

साहेब वाईट नव्हते, पण म्हणाले, "बाई, ते ठिगळ आता घरोघरी झालंय. गेल्या आठवड्यात आणखी एक बाई माझंच म्हणून सांगून गेली. पोर अशी कुणाच्याही हाती कशी देऊ?" मोठ्या बाईंनी मान खाली घातली. साहेबांचंही बरोबर होतं.

तेव्हा ती म्हणाली, "सुई आहे का कुणाकडे?"

माझ्याकडे नसणार? काढून दिली, तांबडा दोराही दिला. चिंधीचे दोन तुकडे दिले. देवाचं नाव घेत तिच्या हाताकडे बघत राहिले. तुझ्या चित्रात टाके दिसतात, हात दिसत नाही.

तिने सुई डाव्या हातात घेतली.

मी साहेबांना म्हणणार होते, बघा, बघा! पण त्याआधीच दुसरं घडलं. दोरा काही सुईत जाईना. म्हणून तिने दोऱ्याचं टोक तोंडात घालून ओलं केलं. आणि माझ्या मागून, इतके महिने ज्या तोंडातून हूं की चूं आलं नाही, त्या तोंडातून खणखणीत आवाज आला:

"आई! थुंकी नको लावूस म्हटलं ना तुला!"

पोरगी तरातरा गेली, सुई काढून घेतली, स्वतः दोरा ओवून दिला आणि म्हणाली, "घे. आणि केस कुठे टाकलेस?" मग मात्र दोघींनी जो हंबरडा फोडला, तो बाहेर पावाच्या गाडीपर्यंत ऐकू गेला. साहेब खिडकीतून बाहेर बघत बसले. मग म्हणाले, "शिवणं पूर्ण केलं नाही तरी चालेल."

पण तिने पूर्ण केलं. आपल्या कामात अर्धवट सोडवत नाही. उलट्या अंगाला झुकलेले टाके, कोपऱ्यात आडवे दोन, आणि गाठ.

मी विचारलं, घरी हिला काय म्हणतेस? ती रडता रडता हसली. म्हणाली, "टकळी. दिवसभर तोंड बंद नसतं. मी म्हणायची, देवा, हिला घटकाभर गप्प बसव. आता आयुष्यात असलं मागणार नाही." आणि खरंच, मावशी काय खाते, पाववाला कुठे राहतो, धागाबाईला नवी चादर कोण देणार, एकामागून एक प्रश्न. गोदामातली पोरं आ वासून बघत होती. एकाने तर विचारलं, "ही तीच का?"

आज सकाळी दोघी गेल्या, बसमध्ये एकाच आसनावर. यादीतली कोरी जागा मोठ्या बाईंनी माझ्यासमोर भरली. अजून इतर मुलं आहेत. म्हणून मी आता कुणाचंही काही शिवायच्या आधी विचारते, "हे कुणी लावलं होतं?" सांगतात. पेन्सिल घासून ठिगळं कागदांवर उतरवतोय आणि मोठ्या बाई ते कागद भिंतीवर लावताहेत. पुढच्या अंकाला तुला पुरतील.

तुझे काका शेवटी बोलले. म्हणाले, "ते नाक तुझ्या बहिणीचं नव्हे, तुझं आहे. आणि फताडे पायसुद्धा." मी आरशात बघून आले. कार्टे, भेट तू, मग सांगते! पण खरं सांगू? पुस्तक पुन्हा देवापुढे ठेवलं, आणि मग उचलून उशीखाली ठेवलं. काकांच्या नव्हे, माझ्या.

एक राहिलं. माझ्या कापडी पिशवीचा बंद पोरीने काल ओढून ओढून उसवला होता. जाताना तिच्या आईने ती पिशवी मागून घेतली आणि ओट्यावर बसून बंद शिवून दिला. मी म्हटलं, राहू दे गं, मी शिवीन. ती म्हणाली, "मावशी, एवढं तरी करू द्या."

आज बाजारातून आल्यावर तुझे काका म्हणतात, "किती वाकडं शिवलंय! तुझा हात एवढा बारीक, उसवून नीट का करत नाहीस?"

मी म्हटलं, "हात लावाल तर खबरदार."

तुझीच,
मावशी